झोपेसाठी फुलांचा चहा कडू होतो त्याबद्दल

ताई, सासूबाईंना रात्री झोप येत नाही म्हणून तुम्ही कॅमोमाइल (शेवंतीसारखं छोटं पांढरं फूल) आणि गुलाब दहा मिनिटं उकळून दिलं आणि ते कडूजार झालं असं तुम्ही लिहिलंय, तर अहो फुलं उकळायचीच नसतात. पाणी उकळलं की गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग कपात चमचाभर सुकी फुलं टाकून वरून पाणी ओता आणि लगेच झाका, पाच-सात मिनिटं बस. झाकण ठेवायचंच, कारण तो जो सफरचंदासारखा वास येतो ना ते उडून जाणारं तेल आहे, झाकणाला खालून जे थेंब जमतात ते पण परत कपातच पाडा. गुलाबाच्या पाकळीचं देठाकडचं पांढरं टोक कात्रीने काढून टाका, कडवटपणा तिथेच असतो. आणि गुलाब देशी, घरच्या कुंडीतला घ्या, हारवाल्याकडचा नको, त्यावर औषध मारलेलं असतं.

इंदूरात पंसाऱ्याकडे, म्हणजे जडीबुटीच्या दुकानात, गुल-ए-बाबूना म्हणून मागितलं तर कॅमोमाइल मिळतं, पण मी तर म्हणेन छतावर लावाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी नुसतं मातीवर भुरभुरवायचं, वर माती टाकायची नाही, त्याला उजेड लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं येतात. एक फूल उभं कापून बघा, मधला पिवळा गोंडा आतून पोकळ असेल तर खरं. पाकळ्या आडव्या पसरलेल्या असतानाच खुडा आणि सावलीत सुकवा, आपल्याकडची कोरडी हवा याला फार छान.

सासूबाई संध्याकाळी सहाला साधा चहा घेतात का? कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकराला पण अर्धं अंगात, मग फुलं काय करणार, आधी तो बंद करा. हा फुलांचा चहा झोपायच्या तासभर आधी लहान कपातच द्या, नाहीतर रात्री बाथरूमसाठी उठावं लागतं.

शेवंती-झेंडूने शिंका किंवा खाज येत असेल तर कॅमोमाइल नको, ते त्याच कुळातलं आहे. रक्त पातळ करायची गोळी, वॉरफरिन वगैरे, चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोट पण देऊ नका. आणि बागेतलं दिसेल ते फूल कपात नको, कण्हेर तर विषारीच, पिवळी पण. सासूबाईंच्या गोळ्या कोणत्या आहेत त्या आधी बघून घ्या ताई.