जवळच्या दीर्घिकांतला दाट वायू मोजायला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) का पुरत नाही?

सीओची वर्णपटातली ११५.२७ गिगाहर्ट्झची रेषा घनसेंटिमीटरला काहीशे रेणू असले तरी चमकते, म्हणून ती सगळाच रेणवीय वायू दाखवते. तारे जन्मतात ते त्यातल्या दाट गाभ्यांत. त्यासाठी एचसीएनची (हायड्रोजन सायनाइडची) ८८.६३ गिगाहर्ट्झची रेषा घ्या. अडचण मोठी आहे: एम५१ या सर्पिल दीर्घिकेसारख्या दीर्घिकेच्या चकतीत ती सीओपेक्षा ३० पट किंवा त्याहूनही क्षीण असते. कडेच्या एकेका बिंदूचा वर्णपट पाहिलात तर नुसता गोंगाट दिसेल. मग प्रत्येक वर्णपट त्या जागच्या सीओच्या वेगाइतका सरकवून शून्य वेगावर आणा, म्हणजे सगळ्या रेषा एकाच जागी येतील, आणि सरासरी काढा. रेषा वर येते. आधारपातळी (रेषेखालची पार्श्वभूमी, जी वजा करतात) बसवताना सीओ दिसतो तो वेगपट्टा वगळाच, नाहीतर मूळ रेषाच वजा होऊन बसते.

स्पेनमधल्या आयरॅम या संस्थेच्या ३० मीटर रेडिओ दुर्बिणीचा झोत, म्हणजे तिला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, या वारंवारतेला सुमारे २८ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे एम५१वर किलोपार्सेकहून (सुमारे ३,२६० प्रकाशवर्षांहून) थोडा मोठा. त्यात कितीतरी ढग एकत्र मिसळतात. आणि एचसीएन म्हणजे निव्वळ दाट वायू असं धरू नका. आपल्याच दीर्घिकेतल्या ओरायन ए ढगात तिचं बरंचसं उत्सर्जन घनसेंटिमीटरला हजारेक रेणू असलेल्या विरळ भागातूनच येतं.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर एचसीएनची रेषा मिळणार नाही; तिची वारंवारता तिथल्या पट्ट्याच्या फार वर आहे. तिथे हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा पाहा.