कोळंबीसाठी पट्टीवालं किट घ्यावं का?

प्रश्न : नमस्कार, मी कोथरूडचा. माझ्या भाच्याने डहाणूकडे दोन तळी घेऊन व्हेनामी कोळंबी टाकलीये. त्याला कोणीतरी एक किट दाखवलं, म्हणे पांढऱ्या ठिपक्यांचा व्हायरस तळ्यावरच पंधरा-वीस मिनिटांत कळतो, लॅबची गरजच नाही. खरंय का हे? आणि बायको विचारतेय की अशी कोळंबी खाल्ली तर आपल्याला काही होतं का?

उत्तर : आधी वहिनींचं. काही होत नाही, हा व्हायरस कोळंबी, खेकडे, शेवंडं यांनाच लागतो, माणसाला नाही, तेव्हा गणेश पेठेतून बिनधास्त आणा. फक्त भाच्याकडे जाताना बाजारातली कोळंबी नेलीत तर सालं-डोकी तळ्याजवळ टाकू नका, बर्फातही हा व्हायरस टिकतो.

आता किट. पट्टी खोटी नाहीये. 2021 मध्ये पुण्याच्याच मायलॅबचं घरी करायचं कोव्हिड किट आलं होतं ना, तोच प्रकार. व्हायरसचं प्रोटीन पकडणाऱ्या अँटीबॉडीला सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेले असतात, व्हायरस असला की ते एका जागी अडकतात आणि लाल रेघ उमटते. काही बायोसेन्सर, म्हणजे व्हायरस ओळखणारी छोटी उपकरणं, अँटीबॉडीऐवजी डीएनएचा तुकडा वापरतात नि रंगाऐवजी करंटमधला फरक मोजतात, पण त्यातले बरेचसे अजून प्रयोगशाळेतच आहेत, विकणारा काहीही म्हणो.

गोची अशी की पट्टीला रेघ उमटवायला व्हायरस भरपूर लागतो, आणि लॅबमधली पीसीआर चाचणी डीएनएच्या कॉप्या काढत जाते म्हणून तिला थोडासाही सापडतो. म्हणजे कोळंबी खाणं सोडून कडेला यायला लागली की पट्टी बरोबर सांगणार, पण तोवर उशीर झालेला असतो, कारण हा रोग 3 ते 10 दिवसांत जवळजवळ अख्खं तळं साफ करू शकतो आणि औषध काही नाही. धडधाकट दिसणाऱ्या चार कोळंब्या तपासून ‘निगेटिव्ह आलं’ म्हणण्यात तर काही अर्थच नाही. शंभरात दोघींना लागण असेल तर निदान एक तरी हाती लागेल अशी 95 टक्के खात्री हवी असली तर साधारण 150 कोळंब्या घ्याव्या लागतात! आणि नमुना कल्ल्यांचा किंवा पोहायच्या पायांचा घ्यायचा, डोक्यातल्या यकृतासारख्या भागाचा नको, तिथे हा व्हायरस वाढत नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर भाच्याने पैसे आधी बियाण्याच्या पीसीआरवर घालावेत, हॅचरीतून पिल्लं उचलायच्या आधी, आणि रिपोर्ट त्याच बॅचचा आहे ना ते बघून. पट्टी जवळ ठेवू दे, मरतुक दिसली की लगेच लावायला. रेघ आली तर तळ्याचं पाणी खाडीत अजिबात सोडायचं नाही, आधी क्लोरीन, आणि त्याच खाडीतून पाणी घेणाऱ्या शेजाऱ्यांना त्याच दिवशी फोन, लाज वाटली तरी.