हात मागे

लष्कर, ग्वाल्हेर
शनिवार, रात्र

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप दोनदा वाचला, दुसऱ्यांदा चष्मा बदलून. एवढं सगळं फोनवर अंगठ्याने कसं लिहितेस कोण जाणे. मला कागदच लागतो. शेजारचा मुलगा उद्या सकाळी हे पत्र तुझ्याकडे टाकेल.

तू तीन प्रश्न विचारलेस. सैन्यात अधिकारी व्हायच्या निवडीला गेलेली आणि दोनदा भोपाळहून हात हलवत परत आलेली मी एनसीसीच्या प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरासाठी पोरींना काय तयार करणार, हा पहिला. फ्लॅग एरियात, म्हणजे शिबिरात आपली माहिती मांडून ठेवतात त्या जागी, पाहुण्यांना माहिती सांगणारी ती सेकंड इयरची मुलगी अडखळते, तिला भाषण लिहून देऊ का, हा दुसरा. की सरळ तिला बाजूला करून त्या बोलक्या मुलीला उभं करू, हा तिसरा. आणि जाता जाता, "तेव्हा तुम्ही तरी कुठे मदत केली होतीत, मॅडम" असं एक वाक्य आणि त्यापुढे हसरा चेहरा. मला तो चेहरा दिसला नाही, वाक्य दिसलं. त्याकडे येते. आधी बाकीचं.

पहिला प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. शेवटच्या कॉन्फरन्सनंतर निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचले त्यात तुझा नव्हता. ठीक आहे. पानिपतावरून महादजी पाय अधू करून घेऊन आले आणि दहा वर्षांनी त्यांनीच बादशहाला दिल्लीत आणून बसवलं. (आपण ग्वाल्हेरकर मराठी माणसं तिसऱ्या वाक्याला महादजींना आणतोच, माझा नाइलाज आहे. ज्या वस्तीचं नावच दौलतरावांच्या छावणीवरून पडलंय तिथे राहून दुसरं काय सुचणार?) तेव्हा त्या पोरींना शिकवायला तू चालशील. पाच दिवस तिथे काढून आली आहेस, कुठे काय चुकलं हे तुला अजून रात्री आठवतं. जी पहिल्याच खेपेत निवडून येते तिला बऱ्याचदा आपण का निवडलो गेलो हेसुद्धा सांगता येत नाही.

पण भोपाळला तू एक माणूस बघितलास की नाही, ते मला विचारायचंय. मैदानावरचा जीटीओ, गटाच्या परीक्षा घेणारा अधिकारी. फट्टा (फळी), बल्ली (ओंडका), दोरी पुढ्यात टाकतो, नियम सांगतो, लाल रंगाला हात लावायचा नाही म्हणतो, आणि मग? मग तो बोलत नाही. तुमची बल्ली आखूड पडते, एकीचा पाय जमिनीला लागतो, दोघी एकदमच ओरडतात, आणि तो उभा असतो. त्याला उत्तर माहीत असतं. एका शब्दात सांगता आलं असतं. सांगत नाही. तू म्हणशील, तो परीक्षक आहे, शिक्षक नाही. मान्य. तरीही मी तुला सांगते, शिकवणाऱ्यालाही तसंच उभं राहता आलं पाहिजे. 'विश्राम'मध्ये आपण उभे राहतो ना, हात मागे, उजवा डाव्यावर? शिकवणाऱ्याने तसं राहावं. हात मागे.

हे मला कुणा मोठ्या साहेबाने शिकवलं नाही. एएनओचं, म्हणजे कॉलेजातली एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापकाचं, ट्रेनिंग इथेच, आपल्या गावातल्या अकादमीत झालं. देशभरातल्या प्राध्यापिका त्यासाठी ग्वाल्हेरला येतात, पुरुष नागपूरजवळ कामठीला जातात. मला सामान बांधून लांब जायचं नव्हतं, तरी लेकीला सासूबाईंकडे सोपवून गेलेच. वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई मी. आयुष्यातला पहिला हुकूम दिला आणि स्वतःच दचकले. पण खरं शिक्षण नंतर, युनिटवर झालं. तिथे एक हवालदार उस्ताद होते, राजपुताना रायफल्समधले. तुझ्या वेळी ते नव्हते. ते म्हणायचे की कमांडचे तीन तुकडे असतात. आधी इशारा, मग थांबणं, मग हुकूम. 'दाहिने', मग थोडी जागा, मग 'मुड़'. नवीन पोरी ती मधली जागा खाऊन टाकतात. घाबरलेलं माणूस नेहमी ती जागा खातं. उस्ताद म्हणायचे, "मैडम, बीच में जो चुप है, लड़की उसी में सोचती है." आणि ते स्वतः त्या जागेत कधी बोलले नाहीत. 'थम' चुकीच्या पावलावर पडला, अख्खा स्क्वॉड एकमेकींवर आदळला, तरी ते हात मागे बांधून उभे. हसू येऊ नये म्हणून मिशी चावायचे, एवढंच. मग त्याच मुलीला म्हणायचे, "अब?" बस, एक शब्द. मग ती मुलगी स्वतः स्क्वॉड पुन्हा जमवायची.

फायरिंगलाही तसंच. पाचही गोळ्या टार्गेटवर विखुरलेल्या, तर ते पॉइंट टू टू रायफलीच्या बाजूला तिच्याशेजारी पोटावर आडवे व्हायचे, रायफलीला हात न लावता, आणि विचारायचे, "साँस कहाँ रोकी?" उत्तर तिचं तिनेच शोधायचं. (रेंजवर रायफलीचं तोंड इकडेतिकडे वळलं, तर मात्र हात मागे नाही. तिथे झडप घालायची. उन्हात पोर चक्कर येऊन पडली तरीही. हे तुला सांगायला नको, पण लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणशील मॅडमनीच सांगितलं होतं.)

आता दुसरा प्रश्न, भाषण लिहून देण्याचा. इथे मला राग येतो. तुझा नाही, माझा.

मी लिहून दिलं होतं. एएनओ होऊन मला चारच वर्षं झाली होती. मुलगी अशीच, हुशार आणि अबोल. फ्लॅग एरियात ग्वाल्हेरची माहिती सांगायची होती. मी दीड पान लिहिलं, हिंदीत, वजनदार शब्दांचं. किल्ला, तानसेन, राणी लक्ष्मीबाईंची समाधी, सगळं त्यात कोंबलं. तिने ते तोंडपाठ केलं. सकाळी पाच वाजता उठून गच्चीवर म्हणायची, असं तिच्या आईनेच मला सांगितलं. पाहणीला आलेले अधिकारी चांगले होते, बापासारखे. समाधीचा मजकूर आला तेव्हा त्यांनी मध्येच सहज विचारलं, "बेटा, कभी गई हो वहाँ?" पोर फूलबागेपासून, म्हणजे त्या समाधीपासून, चालत पंधरा मिनिटांवर राहणारी. ती थांबली. बघ हां, ती थांबली, तीच ती उस्तादांची मधली जागा. ती विचार करत होती. कदाचित "नहीं सर, नहीं गई" म्हणाली असती. कदाचित लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून गेल्याचं आठवलं असतं. मला ती जागा सहन झाली नाही. मी मागून म्हणाले, "जी सर, हमारी सारी लड़कियाँ जाती हैं."

खोटं बोलले. तिच्या तोंडून शब्द काढून घेतला आणि त्या जागी माझं खोटं ठेवलं. साहेब हसले, पुढे गेले. आम्हाला त्या फेरीत मार्कही बरे मिळाले, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

पुढच्या आठवड्यात तिने युनिफॉर्म परत केला. धुऊन, इस्त्री करून, बेल्ट गुंडाळून, बेरेटवरचा लाल हॅकल, तो तुरा, वेगळा कागदात ठेवून. अभ्यासाचं कारण सांगितलं. मी स्टोअरच्या रजिस्टरवर सही घेतली आणि तिला थांब म्हणाले नाही. नंतर ती कुठे गेली मला ठाऊक नाही. मेळ्यात तिच्यासारखी दिसणारी बाई दिसली की मी अजून वळून बघते.

म्हणून सांगते, लिहून देऊ नकोस. एक ओळसुद्धा नाही. "सुरुवात तरी" लिहून देऊ का, असंही विचारू नकोस, तू विचारणार हे मला माहीत आहे. हात मागे. त्यापेक्षा एक कर. उद्या परेडनंतर तिला फूलबागेत घेऊन जा. समाधीसमोर बसव. तिथून गंगादासांच्या बड्या शाळेत जा, जिथल्या साधूंनी राणीचं शेवटचं केलं असं आपल्याकडे सांगतात. राणी गेल्या ती तारीख कुणी १७ जून १८५८ लिहितं, कुणी १८ जून. तिला ते दोन्ही कळू दे आणि ती कोणती सांगणार हे तिचं तिला ठरवू दे. मग तिला विचार, तुला यातलं काय सांगावंसं वाटतं? आणि थांब. ती दोन मिनिटं गप्प बसली तर दोन मिनिटं गप्प बस. तू मोबाइल काढशील, मला ठाऊक आहे. काढू नकोस.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. बोलकीला दुसरं काम दे, तिला भरपूर कामं जमतील.

आमचे दादा सक्तीच्या काळातले. १९६३ पासून कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली होती, १९६८ मध्ये ती उठली. दादांना परेड म्हणजे एवढंच आठवतं की कुणीतरी ओरडायचं आणि आपण वळायचं. सक्ती उठली त्या दिवशी त्यांनी बूट दूधवाल्याला देऊन टाकले. पण लान्स कॉर्पोरलपासून सीनियर अंडर ऑफिसरपर्यंत ही पदं शोभेला नाहीत ना ठेवलेली? कॅडेटनीच कॅडेटना चालवावं म्हणून ती आहेत. आपण मध्ये मध्ये ओरडत राहिलो तर त्या फिती नुसत्या दंडावर शिवलेल्या कापडाच्या.

आणि हो, तुमच्या युनिटवर पुढच्या आठवड्यात कुणी निवृत्त साहेब 'लीडरशिप'वर दोन तास बोलणार आहेत म्हणालीस. बोलू देत. बहुतेक वेळा सगळा वेळ त्यांच्या पोस्टिंगांत जातो आणि शेवटी कॅडेटना विचारतात, "एनी डाउट?" कुणालाच डाउट नसतो, सगळ्यांचं लक्ष समोशांच्या ट्रेकडे. पण त्यांनाच मैदानावर आण. एक अडचण मांडून पोरींना सोडवायला लाव आणि साहेबांना खुर्ची दे, माइक देऊ नकोस. एकदा एका सैन्यातल्या डॉक्टरबाईंना मी असं बसवलं होतं. दीड तासात त्या एकच वाक्य बोलल्या, "स्ट्रेचर पर लेटी हुई लड़की से किसी ने कुछ पूछा?" स्ट्रेचरवरची कॅडेट नुसती नाटकातली जखमी होती, तरी पोरी आजही ते सांगतात. तज्ज्ञ माणूस मला असा हवा.

आता ते वाक्य.

तू सेकंड इयरला होतीस. वार्षिक शिबिर, शेवटचा दिवस, तू परेड कमांडर. ग्रुप कमांडरसाहेबांसमोर जाऊन सॅल्यूट केलास आणि रिपोर्ट द्यायचा तर संख्या विसरलीस. तू म्हणतेस चाळीस सेकंद. मी म्हणते वीस. मी तुझ्यापासून दहा पावलांवर होते, संख्या माझ्या ओठांवर होती, नुसते ओठ हलवले असते तरी तुला कळलं असतं. तू डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलंस. मी समोर झेंड्याकडे बघत राहिले. तुला वाटलं मी रागावले. नंतर चहाच्या वेळी एक सहकारी बाई सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "इतकं कठोर असू नये हो, लेकरू आहे." मी तिथे काही बोलले नाही. आज बोलते. मी कठोर नव्हते. माझ्या मागे बांधलेल्या हातांची नखं तळव्यात रुतली होती, रात्री हळद लावली. मी जर ओठ हलवले असते, तर तू पुन्हा त्या पोरीसारखी झाली असतीस, जिचा हॅकल माझ्या कपाटात... नाही, स्टोअरमध्ये गेला तो. पण मला तो कपाटातच दिसतो.

आणि तू काय केलंस आठवतं? चुकीचा आकडा सांगितलास. अठ्ठ्याण्णव म्हणालीस, होत्या एकोणनव्वद. साहेब पुढे निघाले आणि तूच पुन्हा सावधान होऊन म्हणालीस, "क्षमा करें श्रीमान, नवासी." हे तुला कुणी लिहून दिलं होतं? सांग ना.

मी चुकले नव्हते. याच्यावर मी हटणार नाही.

तरी एक गोष्ट लिहून टाकते, कारण तू फोनवर विचारलं असतंस तर मी विषय बदलला असता. भोपाळहून परत आलीस तेव्हा म्हणालीस की ग्रुप डिस्कशनमध्ये मी बोलायची वाट बघत राहिले आणि वेळ संपला. ते ऐकल्यापासून मनात येतं की ती वाट बघणं माझ्याकडूनच आलं का तुझ्याकडे? कडेला थांबायचं ते शिकवणाऱ्याने, कमांडरने नव्हे, हा फरक मी तुम्हाला कधी नीट उलगडून सांगितला होता का? सांगितला असं मला वाटतं. खात्री नाही. तिसऱ्या खेपेला जाशील तेव्हा तिथे हात मागे ठेवू नकोस, एवढं तरी ऐक. वयात बसतेस अजून, फॉर्म भर. एनसीसीचं सी सर्टिफिकेट आहे, लेखी परीक्षा द्यायची नाही, मग कसली वाट बघतेस?

उद्या सकाळी मी ग्राउंडवर येते. साडेसहाला. नातू स्कूटरवर सोडेल. नळाजवळच्या कट्ट्यावर बसेन, शाल पांघरून, थर्मासमध्ये आल्याचा चहा आणते, पोरींना पुरणार नाही, तुला मिळेल. ती मुलगी अडखळली की तू माझ्याकडे बघशील. बघू नकोस. मी झेंड्याच्या खांबाकडे बघत असेन.

तुझी
मॅडम