खण लाकडी पट्टीवर चालवायचा तर: वाचकांचे प्रश्न

या वेळी बहुतेक पत्रं लहान खणांबद्दलच आली आहेत. पट्टीवरचा खण म्हणजे कपाटाच्या बाजूला लाकडी पट्टी, खणाच्या बाजूला खोबण, आणि खण त्या पट्टीवर सरकतो. उत्तरांतली सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत. सुतार सुतात बोलत असेल तर 1 सूत म्हणजे 1/8 इंच, साधारण 3 मिमी, हे लक्षात ठेवा. लाकडी पट्टीच्या कामात ‘एक सूत जागा सोडतो’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबवायला हवं. का, ते पुढे येईलच.

प्रश्न: शिवणकामाचं सामान ठेवायला 18 मिमी प्लायचं कपाट करून घेतलं आहे. त्यात सहा कप्पे आहेत. प्रत्येक आतून 200 रुंद, 100 उंच आणि 300 खोल. सुतार म्हणतो, चॅनलच लावा. लाकडी पट्टीवर खण चालतील का? मापं काय द्यायची?
— वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: चालतील, आणि एवढ्या लहान खणाला तेच चांगलं. बाजारातला नेहमीचा बॉल बेअरिंग चॅनल, म्हणजे खण सरकवणारी धातूची पट्टी, एकेका बाजूला साडेबारा ते तेरा मिमी जागा खातो. तुमच्या 200 मिमीच्या कप्प्यात 12 मिमी जाडीच्या बाजू धरल्या तर चॅनल लावून आत जेमतेम 150 उरतील. पट्टीवर चालवला तर 174 मिळतात. दोऱ्याच्या रिळांची एक अख्खी रांग त्यात जास्त मावते.

खणाची बाहेरची रुंदी 198 ठेवा, म्हणजे दोन्हीकडे 1-1 मिमी मोकळं राहील. उंची 96, वर-खाली 2-2 मिमी सोडून. समोरची फळी 18 जाड, बाजू 12 जाड आणि 272 लांब, म्हणजे खणाची एकूण लांबी 290. मागची फळी दोन्ही बाजूंच्या मधे बसवा, बाजूंच्या टोकांवर नको. नाहीतर पट्टीला मागून आत शिरायला वाटच राहत नाही.

आता खोबण. प्रत्येक बाजूच्या बाहेरच्या अंगाला 12 रुंद आणि 5 खोल खोबण घ्या. तिची खालची कड बाजूच्या खालच्या कडेपासून 50 मिमीवर येऊ द्या. ट्रिमरला (खोबण पाडायचं विजेचं हत्यार) 12 मिमीचा सरळ बिट, म्हणजे पातं, लावून अडीच-अडीच मिमीच्या दोन फेऱ्यांत हे काम होतं. हातानं करायचं असेल तर खतावणीनं (कडेला समांतर रेघ ओढायचं सुतारी हत्यार) दोन्ही रेघा खोल ओढा, सरळ पट्टीच्या आधारानं रेघांवर करवत चालवा आणि मधलं लाकूड पटाशीनं काढा. खण जोडण्याआधीच खोबण पाडा. जोडलेल्या खोक्यावर ती सरळ येत नाही. माप नेहमी खालच्या कडेवरून घ्या आणि दोन्ही फळ्यांवर पेन्सिलीनं ‘खाल’, ‘आत’ असं लिहून ठेवा. दोन्ही बाजू डाव्याच किंवा दोन्ही उजव्याच तयार होणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची नासाडी आहे.

तळाची 4 मिमी प्लाय बसवायला आतल्या अंगाला जी खाच घ्याल, ती खालच्या कडेपासून 8 ते 12 मिमीत असू द्या. ती बाहेरच्या खोबणीच्या समोर आली तर 12 मिमीच्या फळीत मधे फक्त 2 मिमी लाकूड उरतं आणि खण भरला की बाजू तिथे फाटते.

पट्टी सरळ रेषांच्या सागाची किंवा शिसमाची घ्या, चांगली सुकलेली. वाकडी रेष किंवा गाठ असलेला तुकडा स्वस्त मिळाला तरी नको. वर्षभरात तो पिळतो. एका पट्टीचं माप 11.5 उंच, 5.5 जाड, 260 लांब. सहा खणांना 12 पट्ट्या, म्हणजे 3.12 मीटर होतात. कापातली घट आणि दोन जादा पट्ट्या धरून 4 मीटर घ्या. उंची आधी कागदावरून पक्की करू नका. पट्टी 12 वर कापा, प्रत्यक्ष खोबणीत घालून पाहा आणि रंध्यानं एकेक साल काढत अर्ध्या मिमीची सैल येईपर्यंत आणा. जाडीचा हिशेब असा: कपाटाच्या बाजूपासून 1 मिमी मोकळं, म्हणून 5.5 पैकी 4.5 मिमी खोबणीत शिरतं आणि खोबणीच्या बुडाशी अर्धा मिमी उरतो. खण डावीकडे-उजवीकडे हलायचं थांबवतो तो हाच अर्धा मिमी. इथे एक सूत सोडलं की खण तिरका होणारच.

बसवताना टेप लावून रेघा मारत बसू नका. प्लायचा एक सरळ तुकडा 52.5 रुंद कापा, कप्प्याच्या तळावर उभा ठेवा आणि पट्टी त्यावर टेकवून स्क्रू करा. बाराही पट्ट्यांना हाच तुकडा वापरा, म्हणजे माप चुकलं तरी सगळीकडे सारखंच चुकेल आणि खण समतल चालेल. (कप्प्यांच्या मधे फळ्या नसतील तर सगळ्यात वरच्या खणाच्या पट्टीपर्यंत पोचेल एवढ्या उंच तुकड्यानं सुरुवात करा आणि तोच तुकडा कापून लहान करत खाली या.) पट्टीचं पुढचं टोक कपाटाच्या तोंडापासून 18 मिमी आत ठेवा, खण बंद झाला की समोरची फळी त्यावर टेकते, वेगळा अडथळा लागत नाही. टोकाच्या कडा पॉलिश पेपरनं थोड्या गोल करा.

स्क्रू 3.5 × 16 मिमी, एका पट्टीला तीन. आधी भोक पाडा, टोकापासून निदान 25 मिमी आत, नाहीतर पट्टी चिरते. डोकं बुडायला खळगा करा आणि ते पृष्ठभागाच्या किंचित खालीच राहील असं पाहा. वर आलेलं डोकं खोबण खरवडत राहतं. पहिल्यांदा फक्त पुढचा स्क्रू आवळा, खण घालून चालवून पाहा, मागचं टोक हवं तसं वर-खाली करा, मग मागचा आणि शेवटी मधला. फेविकॉल अजिबात नको. पट्टी झिजायची वस्तू आहे, ती बदलता आली पाहिजे.

कपाट प्लायचं नसून अखंड लाकडी फळ्यांचं असेल तर एक फरक करा. फळी पावसाळ्यात रुंदीत फुगते, पट्टी लांबीत फुगत नाही. म्हणून पुढचा स्क्रू घट्ट आणि मधल्या-मागच्या स्क्रूंची भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेनं लांबट ठेवा. तिन्ही घट्ट केले तर फळी तडकते किंवा पट्टी धनुष्यासारखी वाकते.

प्रश्न: सागवानी टेबलाचे खण श्रावणात उघडतच नाहीत आणि मे महिन्यात खडखडतात. रंधा मारून घ्यावा का?
— वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: माळव्यातला उन्हाळा कोरडा आणि पावसाळा दमट, त्यामुळे लाकूड दरवर्षी हे करणारच. 100 मिमी उंचीची सागवानी फळी या दोन टोकांत उंचीला साधारण अर्धा ते एक मिमी कमी-जास्त होते. तुमचे खण खालच्या कडेवर सरकणारे असावेत. त्यांची पूर्ण उंची फुगते आणि वरच्या चौकटीला जाऊन भिडते. खोबणीवर टांगलेल्या खणात हा त्रास कमी असतो, कारण तिथे फिटिंग 12 मिमीच्या खोबणीत असतं आणि 12 मिमी लाकूड फुगून फुगणार किती?

अडकलेला खण मूठ धरून हिसडू नका, मूठ किंवा समोरचा जोड निखळतो. वरचा किंवा शेजारचा खण काढून आतून मागच्या फळीला दोन्ही हातांनी सारखं ढकला. तेही शक्य नसेल तर टेबलाखाली एक-दोन दिवस पंखा चालू ठेवा. निघाल्यावर बाजूंच्या वरच्या कडेवर खडू घासा आणि खण पुन्हा घाला. चौकटीला जिथे खडू लागेल, तिथेच खण घासतो. रंधा फक्त तेवढ्या जागेवर, एक साल काढून परत चालवून पाहत. हे काम पावसाळ्यातच करा, कारण लाकूड तेव्हा सगळ्यात मोठं असतं आणि किती काढायचं ते नेमकं कळतं. खण सुटा चालायला लागला की त्या क्षणी थांबा. मे महिन्यातली खडखड मात्र सोसावी. ती बुजवाल तर श्रावणात पुन्हा रडाल.

प्रश्न: आजोबांच्या वेळच्या कपाटाचे खण बंद केल्यावर समोरून खाली बसतात, फटी असमान दिसतात. खण नवे करावे लागतील का?
— वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: नाही. खण उलटा करून बाजूंच्या खालच्या कडेवर सरळ पट्टी ठेवा. कड लांबीच्या मधे किंवा मागे खोलगट झालेली दिसेल. त्याच्या खालच्या पट्टीतही चर पडलेला असतो. दोन्हीची दुरुस्ती एकदमच करायची, एकच केलीत तर नवी कड जुन्या चरात पुन्हा खराब होते.

झिजलेली कड रंध्यानं सरळ सपाट करा, झीज पूर्ण जाईपर्यंतच. तेवढ्या जाडीची, त्याच जातीच्या लाकडाची, रेषा लांबीच्या दिशेनं असलेली पट्टी चिकटवा. साग तेलकट असतो. फेविकॉल लावण्याच्या आधी दोन्ही पृष्ठभाग थिनरच्या फडक्यानं पुसून वाळू द्या, नाहीतर पट्टी काही महिन्यांत सुटते. खिळे मारू नका, झिजल्यावर त्यांची डोकी वर येतात. पट्टी मुद्दाम अर्धा मिमी जास्त ठेवून सुकल्यावर रंध्यानं उतरवा. कपाटातली चर पडलेली पट्टी स्क्रूवर असेल तर काढून उलटी बसवा, न झिजलेली बाजू वर येते. त्या पट्टीचा भार घेणारी आडवी चौकटही तोंडाशी झिजली आहे का, ते बघून घ्या.

प्रश्न: 600 रुंद आणि फक्त 300 खोल खण एका मुठीनं ओढला की तिरका होऊन अडतो.
— वाचक, इंदूर

उत्तर: खण खोलीपेक्षा रुंद असला की हे होतंच. शक्य असेल तर दोन खण करा. नाहीतर तळाखाली मधोमध मार्गदर्शक पट्टी द्या: खालच्या फळीवर 25 मिमी रुंद पट्टी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना खणाच्या तळाला दोन पट्ट्या, मधे अर्धा-अर्धा मिमी सोडून. मग बाजूच्या पट्ट्यांनी फक्त वजन पेलायचं. तिथे दीड मिमी मोकळं ठेवा. मूठ मधोमध एकच.

प्रश्न: खण अर्ध्याहून बाहेर काढला की तोंड झुकतं. आणि सरकायला काय लावावं?
— वाचक, इंदूर

उत्तर: झुकणं म्हणजे पट्टी खोबणीत उभी सैल आहे. 350 लांब खण 250 बाहेर काढला की फक्त 100 मिमी पट्टीवर उरतो आणि खोबणीतली सैलता तोंडाशी अडीच पट होते. अर्धा मिमी सैल असेल तर सव्वा मिमी झुकेल, ते दिसतही नाही. 2 मिमी सैल असेल तर 5 मिमी. नवी, जास्त उंच पट्टी करून बसवा; खण बदलायची गरज नाही.

सरकायला साधी पांढरी मेणबत्ती पट्टीच्या वरच्या कडेला आणि समोरच्या अंगाला घासा, कोरड्या फडक्यानं पुसा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, पुरतं. खोबरेल, मोहरीचं तेल किंवा ग्रीस नको; धूळ बसून चिकट राप तयार होतो आणि कापडाला डाग पडतात. साबण ओल ओढतो. मेलामाइन किंवा पीयू पॉलिश पट्टीला आणि खोबणीला चुकूनही लावू देऊ नका, पावसाळ्यात दोन पॉलिश केलेले पृष्ठभाग एकमेकांना धरून बसतात. खणाच्या बाकीच्या बाजूंना लाख पॉलिशचा एक पातळ हात चालतो. त्यानं ओल आत शिरायला वेळ लागतो.