कूलरचं पाणी कुंडीत ओतू नका, आणि बाकीचे प्रश्न

मे लागला की एकच फोटो पन्नास जणांकडून येतो, पिवळं नाहीतर वाकडं कवळं पान, एकदम जवळून काढलेलं, आणि खाली "सर, काय टाकू?" कुंडी दिसत नाही, पाणी कोणतं घालता ते सांगत नाहीत. टाकायचं नंतर बघू.

मॉन्स्टेराला नवीन पानं येतात पण चिरा पडत नाहीत, साधीच येतात. (भुसावळ)

झाड लहान आहे किंवा उजेड कमी पडतोय, खिडकीजवळ सरकवा.

मोगरा आणि जास्वंद, दोघांची शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. यूट्यूबवर बघून दोनदा एप्सम सॉल्ट टाकलं, नर्सरीवाल्याने टॉनिक दिलं, फरक शून्य. पाणी वाया नको म्हणून कूलरचं उरलेलं पाणी कुंड्यांनाच घालतो. (जळगाव)

ताई, शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंय पण सगळा घोळ तिथंच आहे. आधी एप्समचं सांगतो. एप्सम म्हणजे मॅग्नेशियम, ते कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह तसं हलत नाही, जिथं बसलं तिथंच बसलं, त्यामुळे उपास घडतो तो शेंड्याला. तुमचं लक्षण लोहाचं, औषध चाललंय मॅग्नेशियमचं! आणि मातीत लोह नसतं असंही नाही, आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास, वर बोअरचं जड पाणी, म्हणजे ताट वाढलेलं आहे पण मुळांना घास उचलता येत नाही. आता कूलरच्या टाकीत काय होतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, दुसऱ्या दिवशी वरून परत बोअरचं पाणी, परत क्षार. कूलरच्या गवतावर पांढरी खपली धरते ना, तीच तुम्ही मोगऱ्याला पाजताय. आरओचं वेस्ट पाणीही तसंच, त्याने फरशी पुसा. एसीच्या नळीतून ठिबकतं ते चालेल, ते हवेतलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात.

टॉनिकच्या बाटलीवर कोणता घटक किती टक्के ते लिहिलंय का बघा. नसेल तर आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, पण पैसे मोजून घेतो. आता कोणीतरी हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचाच क्षार) टाका म्हणेल, चुनखडीच्या मातीत ते लगेच अडकून बसतं. दुकानात मागायचंच तर ईडीडीएचए चिलेटचं (मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं) लोह मागा, ईडीटीएवालं एवढ्या सामूच्या मातीत टिकत नाही. पण तेही आज नको. आधी कुंडीचं भोक मोकळं आहे का बघा, मुळं कुजली तरी शेंडा असाच पिवळा पडतो. मग वाटीभर माती आणि बाटलीभर पाणी घेऊन कृषी विज्ञान केंद्रात विचारा, तुम्हाला ममुराबाद जवळ आहे, रावेरकडच्यांना पाल. दोनदा एप्सम टाकून वाट बघत बसलात तेवढ्यात हे झालं असतं.

अरेका पामचा नवीन पोंगा उघडतच नाही, तपकिरी पडलाय. (धुळे)

हलक्या हाताने ओढून बघा. सहज निघाला आणि खाली घाण वास आला तर ते खोड गेलं, पामच्या एका खोडाला वाढायला एकच शेंडा असतो. ते मुळाशी कापा, शेजारची खोडं वाचतील, पाणी कमी करा. नाही निघाला तर उन्हाची झळ आणि कोरडी हवा असेल, झाड दारातून आत घ्या.

गच्चीवरच्या मिरचीची नवी पानं दोऱ्यासारखी बारीक येताहेत. शेजारचे दादा म्हणतात बोकड्या आहे. हिवाळ्यात मक्याला तणनाशक मारलेल्या पंपाने निंबोळी अर्क फवारला होता. (चोपडा)

बोकड्यात पानं चुरगळतात, दोऱ्यासारखी होत नाहीत. पंपात २,४-डी हे तणनाशक होतं का विचारा घरात, कारण त्याचा थोडासा अंशही पुरतो, नुसत्या पाण्याने पंप खळबळून जात नाही. कपाशीवाल्यांना हे चांगलं माहीत असतं, गच्चीवर आलं की विसरतात. झाडाला उतारा नाही, थोडंच लागलं असेल तर पुढची पालवी नीट येईल. मिरच्या खायच्या का हे पंपात नक्की काय होतं ते कृषी अधिकाऱ्यांना सांगून विचारा, तोवर तोडू नका. कुंड्यांसाठी वेगळी स्प्रे बाटली घ्या.

कढीपत्त्याची कवळी पानं गुंडाळतात, चिकट होतात, मुंग्याच मुंग्या. सासूबाई म्हणतात नजर लागली. शेतातलं मोनो थोडंसं मारू का? (अमळनेर)

नाही!! मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे, आणि तुमचा कढीपत्ता रोज फोडणीत जातो. मुंग्या आल्या म्हणजे शेंड्यावर मावा किंवा सिला कीड बसून गोड चिकटा गाळतेय, पान उलटं करून बघा, नजर तिथंच सापडेल. खराब शेंडे खुडून टाका, पाण्याची जोरात धार मारा, भागलं नाही तर निंबोळी तेल, लेबलवर लिहिलंय तेवढंच. आणि आधीच मारून झालं असेल तर ते झाड स्वयंपाकातून बाद. त्याचं खाऊन कोणाला मळमळ, घाम, गरगर झाली तर बाटली घेऊन तडक दवाखाना, मला मेसेज करत बसू नका.

पीस लिलीची नवी पानं दरवर्षी आणखी लहान येतात. कुंडी चार वर्षांपासून तीच. (नंदुरबार)

उत्तर तुम्हीच लिहिलंय. कुंडी बदला, पण ४४ डिग्रीत मुळं उघडी करू नका, जूनमध्ये दोन चांगले पाऊस पडू द्या.