पक्षाघातानंतर वडिलांसाठी खासगी काळजीवाहक ठेवावा की नोंदणीकृत एजन्सी?

वडील स्वतःहून कूस बदलू शकत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून स्पष्टच सांगतो: निदान पहिले काही महिने एजन्सीच घ्या. खासगी माणूस बहुधा स्वस्त पडतो, रोज तोच चेहरा दिसतो, आणि रुग्णाला त्याचा खरंच मोठा आधार असतो. पण तो आजारी पडला की बदली शोधणं तुमच्याच गळ्यात. शिवाय अनेक देशांत कायद्याने तुम्ही मालक ठरता. पगार, सुट्ट्या, विमा, काम करताना पाठ दुखावली तर भरपाई, सगळं तुमच्याकडे.

एजन्सीची नोंदणी चालू आहे का ते बघा, सरकारी तपासणीचा अहवाल मिळत असेल तर वाचा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: आठवड्यात किती वेगवेगळी माणसं येणार? रोज नवा माणूस आला तर कमरेखालची लाली आजची की तीन दिवसांपूर्वीची, हे कोण सांगणार? बेडसोर, म्हणजे एकाच बाजूवर पडून राहिल्याने होणारी जखम, त्या लालीपासूनच सुरू होतो.

पहिल्या दिवशी शेजारी उभे राहा. खुर्चीत बसवताना कोणी लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढत असेल तर लगेच थांबवा, त्याने खांद्याला कायमची इजा होऊ शकते.

पुढे खासगी माणूस ठेवलात तर लेखी करार करा, ओळख पडताळून घ्या, आधीच्या घरी स्वतः फोन करा. औषधांची वही मात्र दोन्हीकडे हवीच.