आधी जवाला मोड आण

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

घरी बीअर बनवायची तुझी यादी पाहिली. 30 लिटरचा डबा, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी तोटी), बुचं ठोकायचं यंत्र, परदेशातून मागवायचं यीस्ट. एवढ्या यादीत ज्याची बीअर होते ते जव मात्र कुठंच नाही!

कायद्याचं आधी बोलून मोकळा होतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय बीअर बनवणं गुन्हा आहे. तू ज्यांचे व्हिडिओ बघतोस ते अमेरिकेतले. तिथंही 1978 मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली तेव्हा कुठं हा छंद उजळ माथ्यानं करता येऊ लागला. आणि आपल्या जिल्ह्यात घरात फसफसणारा डबा सापडला की एक्साइजवाल्यांना हातभट्टीच आठवणार, त्यात त्यांचंही चुकत नाही. तेव्हा बीअरसाठी यीस्ट घालायचं ते परवाना असलेल्या ठिकाणी काम शिकायला जाशील तेव्हा. त्याच्या आधीचं सगळं मात्र स्वयंपाकघरात बसून करता येतं, आणि बरंचसं कसब तिथंच आहे.

जव कोल्हापूरच्या बाजारात, लक्ष्मीपुरीत बघ. सालासकट माग, होमाला लागतात तसले. पॉलिश केलेल्या बार्लीला मोड येत नाहीत. बियाण्याच्या दुकानातलं तर नकोच, त्याला औषध चोळलेलं असतं.

आठ तास भिजव, पाणी काढून आठ तास मोकळं ठेव, पुन्हा भिजव. सलग बुडवून ठेवलंस तर दाणा गुदमरतो. मग ओल्या फडक्यावर दोन बोटं जाडीचा थर पसर आणि दिवसातून दोनदा हातानं उलटापालटा कर. नाहीतर मुळ्यांची जाळी होते, आत ऊब धरते आणि बुरशी येते. बाहेर दिसणाऱ्या मुळ्यांवर जाऊ नकोस. दाणा उभा चिरून बघ: सालाखाली, पाठीकडून एक पांढरा कोंब वर सरकत असतो. तो दाण्याच्या लांबीला आला की थांबायचं. चिमटीत चुरडल्यावर आतलं पीठ खडूसारखं पसरलं पाहिजे. कडक कण लागला तर अजून एक दिवस दे. नाचणीचं सत्त्व करताना घरोघरी हेच तर करतात. हे सगळं डिसेंबर-जानेवारीत कर. मे महिन्यात कोल्हापुरात तू नुसती बुरशी पिकवशील.

वाळवून, मुळ्या चोळून काढ आणि जाडसर भरड. 1 किलो भरडीला 72 अंशांपर्यंत तापवलेलं 3 लिटर पाणी घातलंस की मिश्रण 66 च्या आसपास स्थिरावतं. पातेलं घोंगड्यात गुंडाळ आणि तासभर हात लावू नकोस. दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, स्टार्चची साखर करतात. 62 ते 65 अंशांना यीस्टला पचणारी साखर जास्त निघते, 70 कडे गेलास तर न पचणारा गोडवा मागं राहतो, आणि 80 ला विकरंच मरतात. गुऱ्हाळावरचा गुळव्या नुसत्या बुडबुड्यांवरून काहील कधी उतरवायची ते सांगतो. तू अजून गुळव्या नाहीस, थर्मामीटर घे.

तासाभरानं चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत घे, गार होऊ दे आणि वर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब सोड. काळानिळा डाग उमटला तर स्टार्च शिल्लक आहे, पातेलं परत गुंडाळ. थेंब तांबूस-पिवळाच राहिला तर काम झालं. बशीतलं फेकून दे, पातेल्यात परत ओतू नकोस.

मग गाळ, उकळ, 20 अंशांपर्यंत गार कर आणि त्यात हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची तरंगती नळी, सोड. माझी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ब्रिक्स, म्हणजे रसात शेकडा किती साखर ते, मोजण्यात गेली, त्यामुळं आकडे मी जरा जास्तच मागतो. 12 ब्रिक्स म्हणजे बीअरवाल्यांच्या भाषेत 1.048, पाण्याची घनता 1 धरून. तारीख, तापमान, आकडा वहीत लिही. मोबाइलमध्ये लिहिलेलं तुम्ही पोरं पुन्हा उघडत नाही.

हे गोड पाणी लिंबू पिळून छान लागतं. उरलेलं पाण्याऐवजी पावाच्या पिठात घाल, बेकरीचं यीस्ट टाक आणि दोन गोळे कर: एक उबेला, एक फ्रीजमध्ये. दोन्हींचा वास वेगवेगळा घे, मग यीस्टच्या तापमानावर आपण बोलू.

चोथा टाकू नकोस. मूठभर थालीपिठात घाल, बाकीचा शेजारच्या म्हशीला दे, पण त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी तो आंबतो.

तुझा,
काका